जुन्या जिप्सीच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) गंजून बसलेले बोल्ट घरच्या घरी कसे काढावेत?

जिप्सी २००४ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००४ सालची मारुती जिप्सी किंग आहे. गाडी कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला घरी उभी असते, पण तिचे फिरणे मुख्यतः राधानगरी आणि गगनबावडा या भागांत होते. म्हणजे पावसाळ्याचे चार महिने चिखल, ओढ्यांचे पाणी आणि घाटातले खड्डे यांतूनच ती जाते. त्यात भर म्हणजे २०२१ च्या जुलैमधील महापुराच्या वेळी ती नागाळा पार्कात एका नातेवाइकांच्या दारात अडकली होती आणि पाणी ओसरल्यावर चेसिसच्या प्रत्येक कोपऱ्यातून गाळ निघाला होता.

आता मागच्या पाट्यांचे बुश (टोकांत बसणारी रबरी आवरणे) पूर्ण झिजले आहेत. खड्ड्यातून जाताना खालून आवाज येतो आणि वळणावर गाडीची मागची बाजू किंचित सरकल्याचे जाणवते. नवे बुश आणि नवे बोल्ट मी आणून ठेवले आहेत. पाट्यांच्या मागच्या टोकाचे शॅकल (पाटा चेसिसला जोडणाऱ्या हलत्या पट्ट्या) दोन्ही बाजूंचे फारसा त्रास न होता सुटले. अडले आहे ते पुढच्या टोकाला, जिथे पाटा चेसिसच्या ब्रॅकेटमध्ये थेट बोल्टने धरलेला असतो. डाव्या बाजूचा नट निघाला, परंतु बोल्ट घणाचे घाव घालूनही तसूभर सरकत नाही. उजव्या बाजूचा नटच हलायला तयार नाही आणि त्याचे कोपरे पूर्वी कोणीतरी चुकीचा पाना लावून निम्मे खाल्लेले आहेत.

माझ्याकडे रिंग पान्यांचा संच, सॉकेट, दोन जॅक आणि शेजारच्या फॅब्रिकेटरकडून मिळू शकणारा चार इंची ग्राइंडर एवढी साधने आहेत. एका गॅरेजमध्ये विचारले असता ‘गॅस लावून जाळून काढू’ असे उत्तर मिळाले. तसे केल्याने पाटा किंवा चेसिस खराब होईल का, आणि ते टाळून हे काम घरी नीट पार पाडता येईल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उद्यमनगरचा फिटर

आपल्या दोन्ही बाजूंच्या अडचणी एकसारख्या दिसत असल्या तरी त्या वेगळ्या आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. म्हणून आणखी घाव घालण्यापूर्वी बोल्ट नेमका कुठे धरला आहे हे शोधणे आवश्यक आहे.

प्रथम शॅकल सहज का सुटले ते पाहा. जिप्सीच्या शॅकलच्या टोकाला दोन अर्ध्या भागांत येणारे रबरी बुश असतात आणि पिन थेट रबरातून जाते. रबराशी लोखंड गंजून एकजीव होत नाही, त्यामुळे तिथे फक्त नट अडतो. पुढच्या टोकाची रचना निराळी आहे. तिथल्या बुशला बाहेरून एक आणि आतून एक अशा दोन लोखंडी नळ्या असून त्यांच्यामध्ये रबर असते. बोल्ट आतल्या नळीतून जातो आणि नट आवळला की ब्रॅकेटचे दोन्ही कान ती आतली नळी घट्ट दाबून धरतात. पाटा वरखाली होतो तेव्हा ही नळी फिरत नाही, फक्त रबर पिळले जाते. म्हणजे बोल्ट आणि नळी वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटून, अजिबात न हलता राहतात आणि त्यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत शिरलेले पाणी वाळायला वाव मिळत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. पावसाळ्यात जुन्या वाड्याचे लाकडी दार फुगून चौकटीत बसते, तसा तो बोल्ट नळीत बसतो. आपल्या गाडीत त्या फटीत महापुराचा गाळही गेलेला असणार.

आता तपासणी. डाव्या बाजूच्या बोल्टच्या डोक्याला सॉकेट आणि लांब दांडा लावून तो हळूहळू फिरवा. डोके थोडे फिरून, सोडताच मागे येत असेल, तर बोल्ट आणि आतली नळी एक झाली आहे आणि आपण प्रत्यक्षात रबर पिळत आहात असे समजावे. अशा वेळी घण मारण्यात अर्थ नसतो, कारण प्रत्येक घावाची शक्ती रबर गिळून टाकते. बोल्ट पूर्ण गोल फिरत असेल आणि तरीही बाहेर येत नसेल, तर तो गंजाने धरलेला नसून बहुधा पाट्याच्या वजनाने कोंडला आहे. एक्सलखालचा जॅक अगदी थोडा वर किंवा खाली घेत राहिल्यास एका विशिष्ट उंचीवर बोल्टवरचा भार संपतो आणि तो हाताने निघतो. घरी काम करणारे बहुतेक जण हीच गोष्ट विसरतात आणि उगाच ग्राइंडरकडे धावतात. तिसरी शक्यता अशी की डोके मुळीच हलणार नाही. तसे असल्यास ब्रॅकेटच्या कानातच गंज धरला आहे.

उजव्या बाजूला आधी नटाबाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. गंजलेल्या आट्यांवरून नट ओढणे म्हणजे तो पुन्हा अडकवणेच होय. नंतर गंज सोडवणारे पातळ तेल मारावे. डब्ल्यूडी-४० हे मुळात पाणी हटवण्यासाठी तयार केलेले मिश्रण आहे. ते उपयोगी पडते, पण खास पेनिट्रेटिंग ऑइल म्हणून मिळणारे तेल फटीत अधिक चांगले शिरते. एकदाच भरपूर ओतण्यापेक्षा तीनचार दिवस सकाळ-संध्याकाळ थोडेथोडे मारावे आणि प्रत्येक वेळी नटाच्या कडेवर हातोडीने हलके ठोके द्यावेत, कारण तेलाला आत जाण्यासाठी लागणारी वाट त्या कंपनाने तयार होते. पुष्कळ जण रॉकेल किंवा डिझेल वापरतात. बुश बदलायचेच असल्याने आपल्याला चालेल, पण जिथे जुने रबर ठेवायचे असेल तिथे ते वापरू नये, कारण खनिज तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते.

नट सोडवण्याआधी तो किंचित आवळण्याचा प्रयत्न करावा. गंजाची पकड कोणत्याही दिशेने तुटली तरी आपले काम होते. एकदा तो हलला की पाव फेरा सोडायचा, थोडा परत आवळायचा, तेल मारायचे, पुन्हा सोडायचा. बारा कोनी सॉकेट या कामाला मुळीच लावू नये. सहा कोनीच लावावे, कारण त्याची पकड नटाच्या सपाट बाजूंवर येते. कोपरे खाल्लेल्या नटासाठी एका मापाने लहान सॉकेट घणाने ठोकून बसवता येते. ते सॉकेट पुढे कामाचे राहील अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

राधानगरी रोड

वरील उत्तर उत्तम आहे, परंतु गाडी उचलण्याविषयी कोणी काही लिहिले नाही, म्हणून हे लिहितो.

मागची दोन्ही चाके वर असताना गाडी गिअरमध्ये आहे किंवा हँडब्रेक ओढला आहे या भरवशावर राहू नये. जिप्सीला दोन चाकांच्या ड्राइव्हमध्ये इंजिनची शक्ती मागेच जाते; म्हणजे गिअरने धरलेली चाके आणि हँडब्रेकने धरलेली चाके ही तीच, हवेत लटकणारी चाके असतात. जमिनीवरच्या पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावणे हाच खरा ब्रेक होय. त्यातच आपण मोठ्या दांड्याने जोर लावणार आहात, म्हणजे गाडीला आडवा धक्का बसणारच.

चेसिसच्या दोन्ही दांड्यांखाली लोखंडी घोड्या (जॅक स्टँड) लावाव्यात आणि एक्सल जॅकवर वेगळा तोलावा. शॅकल सुटलेले असल्याने पाट्याचे मागचे टोक आता मोकळे आहे. पुढचा बोल्टही निघाला की एक्सलला त्या बाजूने पुढेमागे धरणारे काहीच उरत नाही. म्हणून एका वेळी एकच बाजू सोडावी आणि दुसऱ्या बाजूचे शॅकल तोवर परत जोडून ठेवावे. ब्रेकची रबरी नळी एक्सलच्या वजनाने ताणली जात नाही ना, हे प्रत्येक वेळी पाहावे. अंगणात फरशी नसेल तर घोडीखाली जाड फळी टाकावी. आपल्याकडची काळी माती पावसानंतर वरून सुकलेली दिसली तरी खालून ओलीच असते.

भट्टीवाला, शिरोली

माझे आयुष्य फाउंड्रीत गेले आहे, त्यामुळे उष्णतेविषयी थोडे लिहिण्याचा अधिकार घेतो. गॅरेजवाल्यांनी ‘जाळून काढू’ म्हटले म्हणून उष्णतेलाच नावे ठेवू नयेत. ती कुठे आणि किती द्यावी एवढाच प्रश्न आहे.

पोलाद दर अंश सेल्सिअसला प्रतिमीटर सुमारे १२ मायक्रॉन प्रसरण पावते. १२ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टवरचा नट ३०० अंशांनी तापवला तर त्याचे भोक साधारण चार शतांश मिलिमीटरने मोठे होते. आकडा लहान वाटेल, पण आट्यांमधील गंजाचा थर फोडायला तो पुरतो. यासाठी नट तापला पाहिजे आणि बोल्ट त्यामानाने थंड राहिला पाहिजे. म्हणून ज्योत बारीक ठेवून फक्त नटाच्या सपाट बाजूंवर फिरवावी आणि काम लवकर आटोपावे. दोन्ही एकत्र सावकाश तापत राहिले तर दोघेही सारखेच फुगतात आणि हाती काही लागत नाही. नट लाल करण्याची गरज नसते. तापलेल्या नटाच्या कडेला साधी मेणबत्ती टेकवली की वितळलेले मेण आट्यांत ओढले जाते आणि वंगणाचे काम करते. गरम नटावर तेलाची फवारणी मात्र करू नये, ते पेट घेऊ शकते. ब्रेक क्लीनर मारून लगेच ज्योत लावणे तर त्याहून वाईट, कारण क्लोरिनयुक्त द्रावणे तापली की विषारी वायू तयार होतो.

पाट्याविषयी आपली शंका रास्त आहे. पाट्याच्या पोलादाला पाणी देऊन (तापवून झटकन थंड करून), मग ठरावीक तापमानाला पुन्हा तापवून त्याची लवचीकता साधलेली असते. गॅसची मोठी ज्योत पाट्याच्या डोळ्यावर (टोकाच्या गोल कड्यावर) धरली तर तेवढ्या भागाचे पाणी उतरते आणि तो पाटा पुढे तिथेच बसतो किंवा तुटतो. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, हीच त्यातली मोठी अडचण आहे. बोल्टचेही तसेच आहे. ८.८ किंवा १०.९ दर्जाचे बोल्टही असेच पाणी दिलेले असतात, त्यामुळे ज्योत लागलेला बोल्ट पुन्हा वापरायचा नाही. आपल्याकडे नवे बोल्ट आहेत, म्हणून तो प्रश्न मिटला.

उद्यमनगरचा फिटर

भट्टीवाले काकांचे म्हणणे धातूच्या दृष्टीने अचूक आहे, तरीही जिप्सीच्या मागच्या भागात घरी ज्योत लावण्याच्या मी विरोधात आहे. या गाडीची पेट्रोलची टाकी मागच्याच बाजूला असते आणि इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्या चेसिसच्या कडेने जातात. शिवाय बुशचे रबर एकदा पेटले की ते विझवायला कठीण जाते आणि धूर थेट खाली झोपलेल्या माणसाच्या नाकात जातो. मोकळ्या नटापुरती उष्णता हवीच असेल, तर टाकी उतरवून, पाण्याची बादली आणि अग्निशामक जवळ ठेवून, दुसऱ्या माणसाच्या देखरेखीखालीच द्यावी. नळीत अडकलेल्या डाव्या बोल्टला तर उष्णतेचा मार्ग नाहीच, कारण ज्योत नळीपर्यंत पोचण्याआधी रबर आणि पाटा या दोघांना भाजून काढते.

भट्टीवाला, शिरोली

नळीतल्या बोल्टबाबत पूर्ण सहमत आहे. माझे लेखन उजव्या बाजूच्या नटापुरतेच होते.

जिप्सी २००४

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. डाव्या बाजूच्या बोल्टचे डोके जेमतेम अर्ध्या इंचाएवढे फिरते आणि सोडले की परत मूळ जागी येते. म्हणजे तो नळीशी एकजीव झाला आहे हे निश्चित. एक्सलची उंची बदलूनही काही फरक पडला नाही. उजव्या बाजूचा नट तीन दिवस तेल मुरवल्यावर, आधी आवळण्याच्या दिशेने ‘कट्’ असा आवाज होऊन हलला आणि पुढेमागे करत पूर्ण निघाला. ज्योतीची गरज पडली नाही. त्या बाजूचा बोल्ट फिरतो आहे आणि पितळी दांड्याने ठोकल्यावर थोडा बाहेरही आला आहे, त्यामुळे तो निघेल असे वाटते.

डाव्या बाजूचा आता कापावाच लागेल असे दिसते. ग्राइंडरने तो कुठे आणि कसा कापावा, जेणेकरून ब्रॅकेट शाबूत राहील?

लेथवाला

कापण्याचा निर्णय योग्य आहे. अशा कामात काय वाचवायचे आणि काय घालवायचे हे आधी ठरवून घ्यावे. बोल्ट आणि बुश या दोन वस्तू जाणार, त्या नव्या आहेतच. पाट्याचा डोळा आणि चेसिसचे ब्रॅकेट या दोन वस्तूंना ओरखडाही यायला नको. पहिल्या दोन वस्तू दुकानात मिळतात. ब्रॅकेट मिळवायचे म्हणजे चेसिसचे काम काढावे लागते.

बोल्ट दोन ठिकाणी कापायचा असतो: पाट्याचा डोळा आणि ब्रॅकेटचा आतला कान यांच्यामधल्या फटीत एकदा आणि बाहेरच्या कानाच्या बाजूच्या फटीत एकदा. दोन्ही काप पूर्ण झाले की पाटा, बुश आणि बोल्टचा मधला तुकडा एकत्रच खाली येतो. बोल्टच्या डोक्याचा आणि शेपटीचा तुकडा मग पंचने बाहेर ठोकून काढता येतो. ही फट फार अरुंद असते, कारण आतल्या नळीची टोके कानांना टेकलेली असतात. म्हणजे आपण बोल्टबरोबर नळीचीही कड कापत असता, हे लक्षात घेऊन घाई करू नये.

ग्राइंडरपेक्षा मला येथे हॅक्सॉ अधिक भरवशाचा वाटतो. चौकट त्या जागेत जात नाही, म्हणून नुसते पाते हातात धरून, एका टोकाला जाड कापड गुंडाळून चालवावे. इंचाला २४ दात असलेले, हायस्पीड स्टीलचे पाते घ्यावे आणि तेलाचा थेंब टाकत राहावे. वेळ जातो, हात भरून येतो, पण पाते सरळ जाते आणि ब्रॅकेटला लागले तरी पुसट रेघच उमटते. फॅब्रिकेटरकडे आडवे पाते चालवणारी विजेची करवत असेल तर ती सर्वांत उत्तम, तिचे लांब पाते फटीत सहज बसते.

ग्राइंडरच लावायचा असेल, तर १ मिलिमीटर जाडीची कापणी चकती घ्यावी. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. चकतीवर छापलेली वेगमर्यादा त्याहून कमी असता कामा नये. ग्राइंडरचे संरक्षक कव्हर काढून चकती आत घुसवण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. गाडीखाली, तोंडाच्या वर हात धरून काम करत असताना अडकलेली चकती फुटली तर तिचे तुकडे सरळ चेहऱ्याकडे येतात. डोळ्यांवर पूर्ण बंद चष्मा, अंगात सुती कपडे आणि ठिणग्यांच्या वाटेत ओले पोते ठेवावे. ठिणग्या टाकीच्या दिशेने जात असतील तर जागा बदलावी, किंवा ग्राइंडर बाजूला ठेवून पाते हातात घ्यावे.

आणखी एक पर्याय म्हणजे डोके कापून टाकणे आणि मग बोल्ट दुसऱ्या बाजूने ठोकणे. आपल्या बाबतीत त्याचा उपयोग नाही, कारण तो डोक्याने नव्हे, तर नळीने धरला आहे.

राधानगरी रोड

काप पूर्ण होताना पाट्याचे पुढचे टोक झटक्याने खाली किंवा पुढे येते. पाट्याखाली एक छोटा जॅक किंवा ठोकळा आधीच लावून ठेवावा आणि कापणाऱ्याने हात व डोके त्याच्या रेषेत ठेवू नये.

उद्यमनगरचा फिटर

पाटा खाली आला की त्याच्या डोळ्यातला जुना बुश काढायचा आहे, त्याबद्दलही सांगून ठेवतो, कारण इथे नुकसान होण्याची शक्यता बोल्ट कापताना असते त्याहून जास्त आहे. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पाटा रिक्षात टाकून उद्यमनगरात न्यावा. तिथे हायड्रॉलिक प्रेस असलेल्या कोणत्याही छोट्या कारखान्यात जुना बुश काढून नवा बसवून मिळतो. घरीच करायचे असल्यास मोठी व्हाइस, बुशच्या बाहेरच्या नळीहून किंचित लहान सॉकेट एका बाजूला आणि तिला सामावून घेणारा पाइपचा तुकडा दुसऱ्या बाजूला, अशी रचना करून दाबावे.

तसेही निघाले नाही तर रबर भोक पाडून मोकळे करावे, आतली नळी काढावी, आणि हॅक्सॉचे पाते आत घालून बाहेरच्या नळीला लांबीच्या दिशेने एक काप द्यावा. ती नळी पातळ असते. काप जवळजवळ आरपार गेला की थांबावे आणि उरलेला पापुद्रा बोथट छिन्नीने आत वळवावा. पाते पाट्याच्या डोळ्याला लागता कामा नये. पाट्याच्या पोलादावर आडवी खाच पडली की वारंवार वाकण्यामुळे तिथूनच तडा सुरू होतो, आणि आपण तर घाटात गाडी चालवता.

भट्टीवाला, शिरोली

नव्या बोल्टविषयी एक सूचना. आणलेल्या बोल्टच्या डोक्यावर दर्जाचा शिक्का आहे का ते पाहा. ८.८ या खुणेचा अर्थ असा की त्याची तन्यशक्ती प्रतिचौरस मिलिमीटर ८०० न्यूटन आणि त्याच्या ८० टक्के, म्हणजे ६४० न्यूटनपर्यंत तो कायमचा ताणला जात नाही. सुझुकीच्या बोल्टवर ७ हा आकडाही दिसतो, ती जपानी खूण आहे. ज्यावर काहीच खूण नाही असा हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट पत्र्याच्या शेडसाठी ठीक आहे, सस्पेन्शनसाठी नाही.

आट्यांची चालही (दोन आट्यांमधले अंतर) जुळली पाहिजे. १२ मिलिमीटरचा बोल्ट १.२५, १.५ आणि १.७५ अशा तीन चालींमध्ये मिळतो आणि सामान्य दुकानात १.७५ चाच हातात पडतो. चुकीचा नट पहिले दोन फेरे घेतो आणि मग पान्याने जबरदस्ती केली की दोघांचेही आटे घालवतो. शिवाय ब्रॅकेटच्या कानांमध्ये बोल्टचा बिनआट्याचा गुळगुळीत भाग आला पाहिजे, आट्यांचा नव्हे. पूर्ण लांबीला आटे असलेला बोल्ट तिथे लावला तर आटे कानाचे भोक कानशीसारखे खात जातात.

जिप्सी २००४

काम बरेच पुढे गेले आहे. डावा बोल्ट हॅक्सॉच्या पात्याने कापला. आतल्या बाजूचा काप अवघड गेला, बाहेरचा तुलनेने लवकर झाला. उजवा बोल्ट अखंड निघाला. बुश प्रेसवर बसवून आणले आहेत आणि बोल्टवर ८.८ चा शिक्का असल्याची खात्री केली आहे.

दोन शंका उरल्या आहेत. नवा बोल्ट बसवताना ग्रीस लावावे का? आणि डाव्या ब्रॅकेटच्या बाहेरच्या कानाचे भोक किंचित लांबट झालेले दिसते. नवा बोल्ट त्यात नखाएवढा हलतो. हे चालेल का?

लेथवाला

ग्रीस कुठे लावायचे हे महत्त्वाचे आहे. आधी ब्रॅकेटची भोके आणि नळीचा आतला भाग पॉलिश पेपरने स्वच्छ करावा. मग बोल्टच्या गुळगुळीत भागावर, म्हणजे जो भाग नळीत राहणार आहे त्यावर, तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे अँटीसीझ (गंजून चिकटू न देणारा लेप) पातळ थरात लावावे. ते न मिळाल्यास चांगले जलरोधक ग्रीसही चालते. पुढच्या वेळी हे सगळे पुन्हा करावे लागू नये यासाठी हाच एक उपाय आहे. आटे मात्र कोरडे ठेवावेत. नट आवळताना आपण जो जोर लावतो, त्यातला बहुतांश भाग घर्षणातच खर्च होतो आणि थोडाच बोल्टला ताण देतो. आट्यांना वंगण लावले की घर्षण घटते आणि तेवढ्याच जोरात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला टॉर्क (आवळण्याचा जोर) कोरड्या आट्यांसाठी असतो, हे गृहीत धरून चालावे.

दुसरी गोष्ट: गाडी घोड्यांवर असताना हे नट फक्त हाताला लागेपर्यंत आवळावेत. गाडी चाकांवर उतरवून, पाट्यांवर पूर्ण वजन आल्यावर आणि गाडी थोडी हलवून पाटे बसल्यावर मगच शेवटचा टॉर्क द्यावा. पाटे लोंबकळत असताना आवळले तर आतली नळी त्या स्थितीत धरली जाते आणि गाडी उभी असतानाही रबर सतत पिळलेले राहते. नवे बुश काही महिन्यांत फाटल्याच्या ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांमागे पुष्कळदा हेच कारण असते आणि दोष मात्र बुशच्या दर्जाला दिला जातो.

आता भोकाविषयी. नट नीट आवळला असताना भार बोल्टच्या पकडीवर असतो, भोकाच्या कडेवर नसतो, म्हणून अगदी थोडी ढिलाई एरवी चालून जाते. पण लांबट झालेले भोक याचा अर्थ तिथे बोल्ट पूर्वी ढिला राहून हलत होता. नखाएवढी हालचाल मी तशीच सोडणार नाही. बोल्टच्या मापाचे अचूक भोक पाडलेली जाड पट्टी लेथवर करून घ्यावी, ती बोल्ट जागेवर ठेवूनच बाहेरून कानाला टेकवावी, दोन ठिकाणी टाका मारावा, आणि मग बोल्ट व पाटा काढून पूर्ण वेल्डिंग करावे, म्हणजे भोकांची रेषा चुकत नाही आणि नव्या बुशला उष्णताही लागत नाही. पट्टीची जाडी वाढल्याने बोल्टची लांबी पुरते की नाही हे आधी मोजून घ्यावे. नटाबाहेर किमान दोन आटे दिसलेच पाहिजेत.

उद्यमनगरचा फिटर

वेल्डिंगच्या वेळी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढून ठेवा, जिप्सी किंगच्या २००० नंतरच्या इंजिनला इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आहे. वेल्डिंगची अर्थ क्लिप त्याच ब्रॅकेटजवळ, घासून उघड्या केलेल्या लोखंडावर लावा. पाट्यावर किंवा एक्सलवर लावू नका, नाहीतर विद्युतप्रवाह बेअरिंगमधून वाट काढतो. टाकी उतरवल्याशिवाय त्या ब्रॅकेटवर वेल्डिंग करू देऊ नका, फॅब्रिकेटर कितीही ओळखीचा असला तरी. जोड थंड झाला की रेड ऑक्साइडचा हात द्या, कारण वेल्डिंगने रंग जळालेली जागा सर्वांत आधी गंजते. आणि पाचेकशे किलोमीटर चालल्यावर हे दोन्ही नट आणि पाटा एक्सलला बांधणारे यू बोल्ट एकदा टॉर्क पान्याने तपासा.